सहा जणांचा एक काका

१२ जानेवारी
दुकानाच्या मागच्या खोलीत आजपासून इंग्रजीचा क्लास. परीक्षा इंटरमीजिएट पातळीची. विद्यार्थी सहा, त्यांत एक आमची मुलगी. मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस. इंग्रजी शिकलो ते दुरुस्तीला आलेल्या परदेशी घड्याळांची माहितीपत्रकं वाचून. मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका माझ्यात उतरलेल्या नाहीत. आमची ही म्हणाली, खरंय, सगळ्या स्वतःच्या कष्टाच्या आहेत. दुर्लक्ष केलं.
संकल्प : सहाच्या सहा पास.

१९ जानेवारी
मुलीला सर्टिफिकेट हवंय ते नर्सिंगच्या कोर्ससाठी. ते नसेल तर प्रवेश नाही. कोर्स तिच्या मावशीच्या शहरात. राहणारही मावशीकडेच म्हणे. या वयात पोरं असं बोलतातच. इथेही निघेल कधीतरी तसा कोर्स.

३ फेब्रुवारी
तोंडी परीक्षेत दोघांना जोडीने आत बोलावतात. एकमेकांशी बोलायचं असतं. म्हणून आज बोलण्याचा सराव घेतला. बराचसा मीच केला. आधी कानावर पडल्याशिवाय तोंडात कसं येणार? गॅरेजवाल्याचा मुलगा तोंडच उघडत नाही, सगळे त्याला सायलेन्सर म्हणतात. आज त्याने उघडलं. पण वाक्य कुठे चाललंय ते मला आधीच कळलं, म्हणून मीच पूर्ण करून टाकलं. वेळ वाचला.

१० फेब्रुवारी
उपाय सापडला. ‘घरातल्या एखाद्या माणसाबद्दल सांगा’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर लिहून काढलं. माय अंकल रिपेअर्स क्लॉक्स. ही इज सेल्फ-टॉट. ही नेव्हर वेस्ट्स अ वर्ड. अशी बारा वाक्यं. कुठे स्क्रू ढिला नाही.
हिने विचारलं, हा काका कोण? म्हटलं, काल्पनिक आहे. म्हणाली, तरीच एवढा गुणी.
मुलगी म्हणाली, बाबा, मला काकाच नाही, मी माझं माझं सांगते ना. म्हटलं, स्वतःचं काय ते पास झाल्यावर सांग.

२७ फेब्रुवारी
काका सहाही जणांना तोंडपाठ. एकदम सुरू होतात, एकदम थांबतात. मिळवून लावलेली सहा घड्याळं. ऐकून अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही. हल्ली येत नाही. झोप कमी पडत असेल.

९ मार्च
मुलगी जेवताना बोलत नाही. मनातल्या मनात पाठांतर चालू असणार. मीही व्यत्यय आणला नाही. हिने आमटी वाढताना दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, दुकान बंद असलं तरी यापेक्षा जास्त आवाज असतो तिथे.

२१ मार्च
परीक्षा झाली. बाहेर बाकावर बसून होतो. पोरं जोडीजोडीने बाहेर आली, चेहऱ्यांवरून काही कळेना. मुलगी तडक घरी गेली.
संध्याकाळी सायलेन्सर घड्याळाचा पट्टा बदलायला दुकानात आला. तो मुलीच्या जोडीला होता. त्याला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाला, आधीच्या चौघांनीही काकाच सांगितला. याने पहिलं वाक्य म्हणताच परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तुम्हा सगळ्यांचा काका एकच का? तेव्हा मुलगी म्हणाली, तो काका नाही, माझे बाबा आहेत. मग आपणहून बोलत राहिली. बाबा घड्याळ कानाला लावतात तेव्हा श्वाससुद्धा रोखून धरतात. लहानपणी मला वाटायचं, आपणही बंद पडावं, म्हणजे आपल्यालाही तसंच ऐकतील.
मग तिने याला विचारलं, तुझे बाबा कसे आहेत? हा अडखळला. ती थांबून राहिली. याने सगळं सांगितलं.
मी लिहून दिलेल्या उताऱ्यात यातलं काहीच नव्हतं. तिने ‘वुड’ हे क्रियापद बरोबर वापरलं का, एवढं विचारलं. म्हणाला, सर, मी तिचं ऐकत होतो, वुडकडे लक्ष नव्हतं. पट्टा बसवून दिला. एक भोक जास्तच घट्ट झाला.

३० एप्रिल
निकाल. मुलगी वरच्या श्रेणीत. सायलेन्सर पास. बाकीचे चौघे नापास, शेरा : पाठ केलेली उत्तरं. पाठ करणं हा दोष कधीपासून झाला? दुकानावर पाटी लावायचं ठरवलं, ‘उज्ज्वल यशाची परंपरा’. ही म्हणाली, परंपरा व्हायला आधी दुसरं वर्ष लागतं. चौघांपैकी एकाची आई येऊन गेली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी तिचं ऐकून घेतलं. काय म्हणाली ते आता आठवत नाही.

१४ जून
मुलगी मावशीकडे गेली. स्टेशनवर तिला दाखवलं, फलाटावरचं घड्याळ मागे आहे. हो बाबा, म्हणाली. मला आणखी काही बोलायचं होतं, पण गाडी वेळेवर सुटली. यायला हवं होतं काहीतरी, रडू वगैरे. घरी येऊन एक जुनं गजराचं घड्याळ उघडून बसलो. त्यात काही बिघाड नव्हता.

२ जुलै
क्लासला नवीन कुणी आलं नाही. पुढच्या परीक्षेला स्वतःच बसायचं ठरवलं. लोकांना पुरावा लागतो. सरावाला जोडीदार हवा, म्हणून मागच्या खोलीत हिला समोर बसवलं. प्रश्न मराठीत विचार, उत्तर इंग्रजीत देतो, म्हटलं.
हिने हातातल्या प्रश्नांच्या कार्डाकडे न बघताच विचारलं, तुमच्या मुलीबद्दल सांगा.
तिची जन्मतारीख येत होती. उंची येत होती. पुढचं वाक्य जमेना. ही थांबून राहिली. शेवटी तोंडातून आपोआप निघालं, माय अंकल रिपेअर्स क्लॉक्स.
बाराही वाक्यं म्हटली. हिने मधे एकदाही तोडलं नाही.