धुऊन आलेला डबा

आणे, २२ जुलै २००२

चि. आरती हिस अनेक आशीर्वाद.

अकरावीसाठी जुन्नरला खोली घेऊन राहिलीस, तेव्हा पोर जेवते की नाही याचा मला घोर होता. आता सकाळच्या एसटीने भगवंतभाऊ कंडक्टरांच्या हाती डबा देते, तो संध्याकाळी रिकामा, वर घासूनपुसून परत येतो. तो बघितला की जीव थाऱ्यावर येतो. दोनाच्या तीन भाकरी केल्या, तरी काही उरत नाही. तुझे दादा म्हणतात, ही सासरचं कोठार रिकामं करणार. आजपासून चौथी भाकरी घालते आहे.

पण परवा आलीस तेव्हा पिवळट दिसलीस. हंडा उचलताना भिंत धरलीस. जागरण करू नकोस. ही चिठ्ठी डब्याच्या पिशवीतच ठेवते.

तुझी वाट बघणारी आई,
शीला

जुन्नर, २४ जुलै

ती. आईस सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे, अभ्यासाने थकवा येतो एवढंच. मेथी छान होती. भाकरी मात्र जरा मऊ कर, कडा टणक होतात. वह्यांना थोडे पैसे पाठव. दादांना नमस्कार.

तुझी लाडकी,
आरती

घोडेगाव, १९ ऑगस्ट

चि. शीला हिस आशीर्वाद.

आधी बस, मग वाच. आरती शनिवारी जुन्नरच्या स्टँडवर चक्कर येऊन पडली. तुमच्याकडे फोन नाही, म्हणून खोलीच्या मालकिणीचा मला फोन आला आणि मी तिला इकडच्या दवाखान्यात घेऊन आले. तपासणीत रक्त साडेपाच निघालं. एवढ्या रक्तावर ही चालत कशी होती, असं डॉक्टर म्हणाले. एक बाटली चढवली आहे, अजून एक लागेल.

तिचे कपडे घ्यायला खोलीवर गेले, तर कॉटखाली रिकाम्या पाकिटांचं पोतं निघालं. सकाळी तिखट कुरकुरीत काहीतरी, दुपारी वडापाव आणि थंड बाटली, रात्री क्रीमची बिस्किटं. मग डबा कोण खात होतं, असं विचारलं तेव्हा ती रडायला लागली. मैत्रिणींसमोर भाकरी उघडायची तिला लाज वाटायची आणि टाकूनही देववेना. म्हणून स्टँडवर पेरू विकणाऱ्या साळुबाईला द्यायची. म्हातारीला दात नाहीत, मऊ भाकरी तिच्यासाठी होती. स्टँडवर गाठलं तेव्हा साळुबाई मला म्हणाली, "पोर म्हनली मला भूक न्हाई. मी खाल्लं बाई, पन डबा रोज घासून दिला."

दोघींवरही रागावू नकोस. लगेच निघून ये.

तुझी ताई,
अंजना

आणे, २ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडून परत आल्यापासून चुलीपुढे बसवत नाही. गाईनं एक वेळ वैरणीला तोंड लावलं नाही तर मला कळतं. पोटच्या पोरीनं भिंत धरलेली डोळ्यांनी बघितली आणि मी विश्वास ठेवला डब्यावर. ती सुकत होती आणि मी भाकरी वाढवत होते.

कॉलेज पुरे, तिला घरी आणू, असं हे म्हणतात. मलाही तेच वाटतं. पण ती पाया पडून एका महिन्याची मुदत मागते आहे. तू मध्ये पडलीस म्हणून हो म्हटलं. ताई, मला आता कशाचाच भरवसा वाटत नाही.

धाकटीला सांभाळून घे,
शीला

जुन्नर, ९ सप्टेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

आज डबा वर्गात उघडला. कुणी हसलं नाही, एकीने चटणी मागितली. तरी सव्वा भाकरीच्या पुढे घास उतरेना. रक्तवाढीच्या गोळ्यांनी मळमळतं. खोटं सांगत नाही, काल दुकानात जाऊन पाकीट घेतलं आणि उभ्या उभ्या संपवलं. आजही पायरीपर्यंत गेले होते, परत फिरले. उद्या फिरेन का, ते माहीत नाही. आई, मला भीती वाटते.

साळुबाई आता माझ्याकडे बघत नाही. तिच्यासाठी एक मऊ भाकरी वेगळी बांधशील का? तेवढीच तिला देईन.

उरलेल्या पावणेतीन भाकरी डब्यातच आहेत. दादांना दाखवू नकोस असं म्हणणार होते, पण दाखव. आज डबा धुतलेला नाही.

माया कमी करू नकोस,
आरती