दोन हात लांबून पाळणा

३ मार्च, सोमवार
शाळेच्या ऑफिसात फोन मीच उचलला. पलीकडचे पालक तीनदा "हॅलो, हॅलो" म्हणाले आणि ठेवून दिला. थायरॉइडच्या ऑपरेशनला आठ महिने झाले, आवाज कुजबुजीच्या पुढे जात नाही. एक स्वरतंतू हलतच नाही म्हणे. वीस वर्षं गायन पार्टीत पुढे उभी राहून गायले. माइक बंद पडला तरी आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचा.
घरी येऊन दीड तास थेरेमिन, ते हात न लावता वाजवायचं विजेवरचं वाद्य. मयुरीने वाढदिवसाला मागवून दिलेलं. पोरगी म्हणाली, आई, गळ्याचं काम हातांनी कर. सोपं वाटलं तिला. पेटीला पट्टी असते, तंबोऱ्याला तार. इथे धरायला काहीच नाही, एक उभी दांडी, एक आडवी कडी, आणि त्यांच्याजवळ हवेत हात. सा वर उभी राहते, प वर जाताना घसरते.

९ मार्च, रवि.
राजू आलेला. भाऊ म्हणून नाही, पार्टीचा मालक म्हणून. खुर्चीच्या कडेवर बसला तेव्हाच ओळखलं.
चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम डोंबिवलीत. पाळणा यंदा प्रतीक्षाला द्यायचा म्हणतो. प्रतीक्षा म्हणजे माझ्या जागी घेतलेली मुलगी. पाळणा आईने रचलेला. आधी आई म्हणायची, ती गेल्यावर मी. दुसऱ्या कुणी नाही.
उठले, थेरेमिन लावलं. उजवा हात दांडीकडे नेला, सूर चढला. डावा कडीवर आणला, आवाज दबला. पहिलं कडवं पूर्ण वाजवलं.
"ताई, भुताच्या पिक्चरसारखं वाटतंय गं. लोक घाबरतील."
आवाज असता तर अख्खं वर्तकनगर गोळा झालं असतं, इतकी पेटले. शेवटी कबूल झाला. पाळणा मी वाजवायचा. पण फसला तर यापुढे प्रतीक्षाच. "आणि मग ताई, तू स्टेजवर…" पुढचं बोलला नाही. बोलायला हवं होतं, म्हणजे भांडता आलं असतं.

१६ मार्च, रवि.
बाळकुमच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस. ढोलकीवाले शिंदेकाका रंगात येऊन पुढे वाकले की माझा सूर वर. पेटीवर राजू सरकला की परत वर. वैतागले. माणूस जवळ आला की या वाद्याला तो हातच वाटतो. शेवटी जमिनीवर चिकटपट्टी लावली : इकडे कुणी यायचं नाही.
शिंदेकाका म्हणाले, "काय ताई, आपलीच पार्टी आणि आपणच लांब उभं राहायचं होय?"
सगळे हसले, मीही हसले. घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना.
प्रतीक्षा गायली. आवाज चांगला आहे. लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे. नंतर जवळ आली. "ताई, पाळण्याची पुढची कडवी द्याल लिहून? पहिलंच येतं मला, तुमचं ऐकून ऐकून."
गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली. लिहायला गळा लागत नाही. तिलाही ते कळलं असणार.

२९ मार्च, शनि.
आज चारही कडवी स्वच्छ. एकदाही घसरले नाही! मयुरी घोडबंदरवरून येताना दीड तास अडकली, तोवर मी सहा वेळा वाजवून घेतला. ती आल्यावर सातव्यांदा. ऐकताना रडली. म्हणाली, "आजीच वाटते गं." मला तसं वाटत नाही. मला मीच वाटते, आजारपणाआधीची.

१२ एप्रिल, शनि.
झोप नाही. भूक नाही. हात स्थिर आहेत का ते दर तासाला पाहते. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवल्या. राजूचा मेसेज : ताई टेन्शन घेऊ नको. म्हणजे त्यालाच आलंय.

१५ एप्रिल, मंगळ. सकाळी.
काल काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मनात भलतंच व्हायला लागेल.
स्टेज मोठं. पट्टी लावलेली. पाळणा माझ्या उजव्या हाताला, फुलांनी सजवलेला, आत फोटो. पहिली ओळ वाजवली आणि सगळं शांत. मनात म्हटलं, जमलं.
मग बायका उठल्या. पाळणा सुरू झाला की बायका दोरी ओढायला येतात. दरवर्षी येतात. मी स्वतः कितीदा ओढली आहे! महिनाभर रिकाम्या हॉलमध्ये वाजवलं आणि हे माझ्या एकदाही लक्षात आलं नाही. गात होते तेव्हा बायकांनी कितीही गराडा घातला तरी गळ्याला फरक पडत नव्हता.
एक आली, सूर चढला. मी हात मागे घेतला. चौघी आल्या. पांढऱ्या साड्या, कडेवर पोरं, ढकलाढकली. दोरी ओढून एक बाजूला झाली की सूर खाली, दुसरी आली की वर. हात कुठे न्यावा कळेना. किंचाळल्यासारखं वाजायला लागलं. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. त्या बायकांना लांब व्हा कसं म्हणणार? आणि म्हटलं तरी ऐकू कुणाला जाणार?
तेवढ्यात प्रतीक्षाने सूर उचलला. पट्टीच्या पलीकडून, हळू. पहिलं कडवं गायली. मी वाद्य बंद केलं आणि हात खाली सोडले.
कडवं संपलं. तिने माझ्याकडे पाहिलं. पुढचे शब्द मलाच येतात.
मी गप्प राहिले. दोनच सेकंद असतील. ढोलकी चालू होती, बायका दोरी धरून थांबल्या होत्या, आणि मी गप्प. हे कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.
मग पट्टी ओलांडून गेले आणि तिच्या कानाशी ओळ सांगितली. ती गायली. पुढची सांगितली. माइकने दोन्ही पकडलं. आधी माझी कुजबुज, मग तिचा आवाज. चौथ्या कडव्यापर्यंत असंच.
टाळ्या खूप. एक बाई म्हणाल्या, "काय छान बसवलंय!" राजू खूश. "ताई, पौर्णिमेच्या कार्यक्रमाला कल्याणला असंच करू."
असंच म्हणजे? वीस वर्षं पुढे उभी होते, आता कानात ओळी सांगायच्या? वाद्य घेऊन घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. बोलता येत नाही हे किती सोयीचं.

२० एप्रिल, रवि.
प्रतीक्षा आली, न विचारता. पाळणा शिकवा म्हणाली. आणि तुम्ही वाजवा, मी गाईन, दोघींनी मिळून.
थेरेमिन लावलं. तिला भिंतीपाशी उभं केलं. दुसरं कडवं सांगायला लागले. तिथे ऐकू जाईना. "काय ताई? परत बोला ना," म्हणत ती दोन पावलं पुढे आली आणि सूर चढला. मागे जा, हाताने सांगितलं, तर हाताने आणखीच चढला. ती हसली. मला रडू आलं. लांब ठेवली तर माझे शब्द पोचत नाहीत, जवळ घेतली तर माझं वाद्य चालत नाही.
तासभर तसंच. ती पुढे, ती मागे. एकच कडवं झालं.
दारात चप्पल घालताना म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ?" मी मान हलवली. तिने हो समजलं की नाही, मी विचारलं नाही. वाद्य अजून चालूच आहे. त्याच्या बाजूने गेले की आवाज करतं.