चार दाढा आणि एक न मिळालेला चेंडू

ती. दादा यास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, कंबर धरली आहे). वहिनीचा गुडघा कसा आहे? तुझी प्रकृती विचारत नाही. तुझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत हे तू दर भेटीत अक्रोड फोडून दाखवतोसच, आणि त्या वेळी नेमका माझ्याकडे का बघतोस हेही मला ठाऊक आहे. आमच्याकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक काहीही नाही.

भिंगरीच्या (तुझी पुतणी, सहा वर्षं पूर्ण, तोंड अखंड चालू) मागच्या दाढेला कीड लागली. दुधाची दाढ, आज ना उद्या पडणारच, असं मी म्हणालो. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडायला अजून चार वर्षं आहेत, तोवर ही चावणार कशाने? तर सिमेंट भरायचं ठरलं. या बाई फक्त लहान मुलांचे दात बघतात आणि त्यांची एक पद्धत आहे: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मगच हात लावायचा. बाहेरच्या खोलीत आईबापांसाठी ठळक अक्षरांत पाटी आहे, की मुलांना ‘दुखणार नाही’ असं कृपया सांगू नका. ती पाटी मी वाचली नाही. गेली एकोणीस वर्षं मी लोकांना गाडी चालवायला आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचायला शिकवतो, पण त्या वेळी मी भिंगरीला अकराव्यांदा सांगत होतो की अजिबात दुखणार नाही. ती बिचारी काचेच्या पेटीतले मासे बघत बसली होती. अकराव्यांदा ऐकल्यावर तिने मान वळवून विचारलं, दुखेल असं कोण म्हणालं?

यात माझा काय दोष? आपल्या घराची रीतच ती. कुणाचं काहीही होणार असो, ‘काही होत नाही’ म्हणायचं आणि दंड घट्ट धरायचे. मी सात वर्षांचा असताना चेंडू आणायला जाऊ या म्हणून तू मला घराबाहेर काढलंस. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दवाखाना निघाला. नुसतं बघतात, म्हणालास. मग माझे खांदे खुर्चीत दाबून धरलेस. परत येताना माझी एक दाढ कमी होती आणि चेंडूही नव्हता (दुकान बंद झालं, म्हणालास, मला ते उघडं दिसत होतं). हे मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

असो. मूल बिचकलं की बाई आधी त्याच्या आईला किंवा बापाला खुर्चीत बसवतात. भिंगरीच्या हातात छोटा आरसा दिला आणि मला आडवं केलं. खुर्ची मागे कलली, तोंडावर दिवा आला, बाईंनी अजून हातसुद्धा लावला नव्हता, तोच माझा उजवा पाय ब्रेक शोधू लागला. (शिकाऊ माणसाशेजारी बसून ही खोड लागते, आमच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो.) ब्रेक सापडला नाही, हत्यारांचा ट्रे सापडला, आणि तो सगळा खाली आला. बाई शांतपणे मोजत राहिल्या. माझ्या दाढांत चार भोकं निघाली. चौथ्याला टोकदार सळई लागली तेव्हा मी ओरडलो. काय ओरडलो ते बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. मी ‘दादा’ असं ओरडलो. वय वर्षं बेचाळीस.

भिंगरीने आरसा खाली ठेवला आणि तोंड मिटलं, त्याला आज आठ दिवस झाले. बोलते, पण ओठ हलतील तेवढंच. एकाच बाजूने चावते आणि झोपेत गालाखाली तळहात धरते. आणखी दहा दिवसांत सिमेंट भरलं नाही तर कीड मुळापर्यंत जाईल आणि दाढ काढावी लागेल, असं बाईंनी बजावलंय. मी गोष्टी सांगितल्या, खेळणी कबूल केली, हातापाया पडलो. परवा ती एवढंच म्हणाली, “बाबा, दुखत नाही म्हणालास ना? मग मोठ्या काकांना हाक का मारलीस?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी तिला सगळं सांगितलं, चेंडूसकट. थोडं दुखेल, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि निकाल दिला: आधी माझ्या चारही दाढा भरायच्या, तिच्यादेखत, आणि कुणीही खोटं बोलायचं नाही. मग ती बसेल. बाईंना हे इतकं पसंत पडलं की त्यांनी लगेच शनिवारी सकाळी दहाची वेळ दिली.

वहिनीला नमस्कार. मुलांना आशीर्वाद, आणि दात घासायला सांग.

तुझा (नाइलाजाने)
धाकटा

ता. क. शनिवारी तू ये. माझे खांदे धरायला कुणीतरी लागेल, आणि त्या कामाचा अनुभव तुलाच आहे. ‘काही होत नाही’ म्हणालास तर बाहेर माशांजवळ बसवीन.

ता. क. २. चेंडू आण. दुकानं उघडी असतात.

ता. क. ३. भिंगरीने विचारलं, तेव्हा मोठे काका केवढे होते? मी मोजून बघितलं. तू बारा वर्षांचा होतास, आणि बाबांनी तुला एकट्याला माझ्याबरोबर पाठवलं होतं. त्या खुर्चीत माझे खांदे लटलट कापत होते, असं मी पस्तीस वर्षं धरून चाललोय. ते तुझे हात होते का रे?