तीन महिन्यांत न नेलेली वस्तू

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार (गेल्या पत्रावरून त्यांचं आपसांत पटत नाही असं दिसलं, एकत्र केला तर उगाच एखादा रुसायचा). भावोजींच्या कानातलं यंत्र अजून शिट्टी मारतं का? मारत असेल तर ते उजव्याचं डाव्यात गेलंय, यंत्राचा दोष नाही. इकडे आम्ही खुशाल. तुझी भावजय माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम.

तुझं कार्ड पोचलं. तीनच ओळी, पण तिसरी वाचून मला गृहपाठ विसरल्यासारखं झालं. 'पेपरात तुझा फोटो बघितला. पोट सुटलंय. मागे माझ्या फलकावर तुझा कोट का टांगलाय?' ताई, साऱ्या गावाने त्या फोटोत माझा चेहरा बघितला, आणि तू तेवढी भिंत बघितलीस. धन्य आहे. आता विचारलंच आहेस तर सगळं पहिल्यापासून सांगतो.

तुला तो रॉक गाणारा आठवतो? ज्याच्या आवाजाने तुझ्या शेजारणीचं बाळ उठायचं तो. लोक त्याला 'वादळ' म्हणायचे. हे वादळ माझ्या दुकानात शिरताना बूट बाहेर काढायचं आणि बशीतल्या चहावर फुंकर घालायचं. त्याच्याकडे एक जुना टेपरेकॉर्डर होता, माझ्या वयाला शोभेल असा, आणि दर दोन महिन्यांनी त्याचा पट्टा सैल व्हायचा (टेपरेकॉर्डरचा). माझी पद्धत तुला ठाऊक आहे. दुरुस्त झालेलं यंत्र मी स्वतः 'हॅलो हॅलो' करून तपासत नाही. मालकालाच बोलायला लावतो, कारण आपला आवाज बिघडलाय का हे ज्याचं त्याला कळतं. आणि ती कॅसेट त्याच्या नावाने जपून ठेवतो, म्हणजे पुढच्या खेपेला 'आधी आवाज बरा होता' असं कुणी म्हणालं की लावून दाखवता येतं. आतापर्यंत सतरा भांडणं मी अशी जिंकली आहेत.

लोक काय बोलतात? कुणी आपला पत्ता सांगतं, कुणी सासूला शिव्या देतं. हा कविता बोलायचा. गायचा नाही हं, बोलायचा, बाजूला बसलेल्या माणसाशी बोलावं तसा. एकदा म्हणाला, 'किल्ली माझ्या खिशात आहे, घर कुणाच्या खिशात आहे?' मला वाटलं, खरंच किल्ली हरवली. मी काउंटरखाली शोधू लागलो. एवढा मोठा गाणारा तू, गात का नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणाला, 'काका, गायला लागलो की लोक नाचतात. ऐकत कुणी नाही.' अशा नऊ कॅसेटी झाल्या.

आठ महिन्यांपूर्वी तो गेला. हृदय. बसल्या जागी. टेपरेकॉर्डर तेव्हा माझ्याकडेच होता, पट्टा बदललेला, पुसून ठेवलेला. घरच्यांना जाऊन कसं सांगायचं की तुमचं यंत्र तयार आहे? शेवटी त्याची बायको पावती घेऊन स्वतः आली, तर मी यंत्राबरोबर त्या नऊ कॅसेटीही तिच्यापुढे ठेवल्या. तिला त्यांचा पत्ताच नव्हता. घरी तो 'पट्टा बदलून आणतो' एवढंच सांगून निघायचा.

मग त्याच्या बँडने ठरवलं की या बोलण्याला संगीत लावायचं. ताई, माझी झोपच उडाली. बोलण्याला चाल कशी लावतात? गाण्याला ताल असतो, बोलण्याला काय असतं? आणि बोलणारा मध्येच थांबला, तर वाजवणाऱ्याने कुणाकडे बघायचं? तो जिवंत असता तर विचारता आलं असतं की बाबा, झालं का तुझं? त्यांच्या नव्या यंत्रावर जुन्या कॅसेटी भरधाव पळत होत्या, वादळ चिमणीसारखं चिवचिवत होतं, म्हणून त्यांना त्याचाच टेपरेकॉर्डर आणि तो चालवणारा माणूस हवा होता. मी 'वेळ बघून सांगतो' म्हणालो आणि तासाभरात तिथे हजर झालो.

काय ती खोली! भिंतींना गाद्या लावलेल्या, एक काच, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला, त्याच्यापुढे इतकी बटणं की मला त्या माणसाचा हेवा वाटला. अलीकडे ड्रमवाला. हा वादळाचा लहानपणापासूनचा मित्र, अंगाने कपाटाएवढा, बोलणं मात्र आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखं. मित्र गेल्यापासून त्याने काठ्या हातात धरल्या नव्हत्या. दोन दिवस तो नुसता बसून होता. एकेक कॅसेट लागायची, गिटारवाला काहीतरी हळूच वाजवायचा, आणि हा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकायचा. (मध्ये एका कवितेत माझी शिंक निघाली. रेकॉर्डिंगवाला ती पुसणार होता, ड्रमवाला म्हणाला राहू द्या. तेव्हा तुझ्या भावाची शिंक आता अजरामर झाली आहे.) ड्रम नसतील तर हे सगळं सोडून देऊ, असं त्यांचं ठरत आलं होतं.

तिसऱ्या दिवशी नववी कॅसेट लागली. ती भरली त्या दिवशी त्याचा घसा बसला होता. 'आज कविता नाही काका,' म्हणाला. मी म्हटलं, मग भिंतीवरचं वाच, मला आवाजाशी मतलब.

ताई, आता खुर्चीत नीट बस. त्याने तुझा फलक वाचला होता.

तो बसलेला आवाज, आणि सावकाश, जसं काही एकेक शब्द पाण्यातून वर काढतोय. 'दुरुस्त झालेली वस्तू तीन महिन्यांत घेऊन जावी. त्यानंतर ती आमची राहील. पडझड, ओलावा, धूळ यांची हमी नाही. आत काय होते ते आधी सांगावे. मागाहून ऐकले जाणार नाही.' आणि तिथे कॅसेट संपली.

रेकॉर्डिंगवाला काचेमागून म्हणाला, 'देहाबद्दल बोलतोय. त्याला कळलं होतं.' वादळाची बायको तोंडात रुमाल कोंबून बसली होती, खांदे गदगदा हलत होते. मी सांगायला तोंड उघडलं की अहो, हा माझ्या ताईने निळ्या रंगात लिहिलेला फलक आहे, पण तेवढ्यात ड्रमवाल्याने खाली वाकून काठ्या उचलल्या. टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवून आपल्याकडे वळवला, समोर माणूस बसवावा तसा, आणि म्हणाला, 'परत लावा.' मी लावली. त्याने वाजवलं. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, कुठेही न अडता. नंतर मी भीतभीत विचारलं, तुला कसं कळतं कुठे वाजवायचं? तर म्हणाला, 'काका, तो बोलायच्या आधी श्वास घेतो ना, तिथे काठी उचलायची. पूर्वी तो माझ्याकडे बघायचा, आता मी त्याच्याकडे बघतो.' मला आठवडाभर पडलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंसंच होतं. फलकाचं सांगायला उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं.

पण पोटात ठेवणं काय सोपं असतं? तुझी भावजय म्हणाली, खरं सांगून मोकळे व्हा. पण सांगितलं आणि ड्रमवाल्याने पुन्हा काठ्या खाली ठेवल्या तर? म्हणून दुकानात गेल्या गेल्या पहिलं काम काय केलं, तर तुझ्या फलकावर कोट टांगला. तो लोकरीचा, गेल्या थंडीतला. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि दुकानात कोट! गिऱ्हाईकं विचारायची, 'काका, कुठे निघालात?' त्यातच रेकॉर्डिंगवाला पेपरवाल्यांना घेऊन आला, 'अखेरची कविता जिथे उमटली ते हे दुकान' म्हणून. फोटोवाला म्हणाला, तो कोट काढा, फ्रेम खराब होते. मी म्हटलं, तो कोट वडिलांचा आहे, हलवत नाही. (वडिलांनी जन्मात कोट घातला नाही हे तुला ठाऊक. क्षमा कर.)

परवा ड्रमवाला आणि वादळाची बायको दोघं मिळून, रेकॉर्डिंगनंतर माझ्याकडेच राहिलेला टेपरेकॉर्डर न्यायला आले. मी भिंतीला पाठ लावून उभा. ते बसायला सांगतायत, मी म्हणतोय, पाठीला बरं वाटतं. एक चहा उभ्याने घेतला, दुसरा उभ्याने घेतला. शेवटी ड्रमवाला हळूच म्हणाला, 'काका, बसा आता. वीस वर्षं मी तो फलक वाचतोय. माझा रेडिओ तुमच्याकडेच आहे.' (खरंच आहे. वरच्या फळीवर, डावीकडून तिसरा.) वादळाच्या बायकोने पर्समधून एक जुनी पावती काढून माझ्यापुढे ठेवली, मागची बाजू वर करून. पावतीमागे तुझाच मजकूर छापलाय हे मी साफ विसरलो होतो! ती म्हणाली, 'त्या दिवशी हसू आवरेना काका, म्हणून रुमाल कोंबला. तो असता तर जमिनीवर लोळला असता.' मी ड्रमवाल्याला विचारलं, तुला माहीत होतं तर तू वाजवलंस कसं? तो म्हणाला, 'कवितांमध्ये तो मोठा वाटायचा, हात उचलवत नव्हता. फलक वाचताना दुकानात माझ्या शेजारी बसलेला वाटला.'

तेव्हा कोट निघाला आहे. फक्त रेकॉर्डिंगवाल्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तो सगळीकडे अर्थ सांगत हिंडतोय, आणि बरा सांगतो.

भावोजींना नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
धाकटा

ता. क. मूळ काम राहिलंच. कविता अर्धवट तुटते, तिला शेवट हवाय, आणि या दोघांचं म्हणणं की ज्या बाईने हे लिहिलं तिनेच शेवटची ओळ आपल्या आवाजात बोलावी. सोबत कोरी कॅसेट पाठवतोय. बोलायच्या आधी खाकरू नको. श्वास मात्र घे, त्याला काठी उचलायला लागतो.

ता. क. दुसरा. तू म्हणशील शेवटची ओळ कुठली, फलकाची ती खालची पट्टी तर वाळवीने खाल्ली. ताई, वाळवी नव्हती, मी होतो. तू लिहिलं होतंस, 'घरी नेल्यावर पुन्हा बिघडल्यास संकोच न करता परत यावे.' आणि लोक खरोखरच यायचे गं, बारीकसारीक कुरकुर घेऊन! तू सासरी गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मी ती पट्टी कापली आणि कामाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. चाळीस वर्षं तिच्यावरच काम करतोय. काल काढून पुसली. निळा रंग जसाच्या तसा आहे. टेबल डुगडुगतंय.

ता. क. तिसरा. कॅसेट पोस्टाने पाठवू नको, वाटेत ओल धरते. तूच घेऊन ये. गुडघ्यांची सबब चालणार नाही, पट्टीवर काय लिहिलंय ते वर वाच.