निर्दोष नमुना

११ ऑक्टोबर १९८७, पेडणे
आलो एकदाचे! बसनं हाडं खिळखिळी केली, पण घर झकास. घरमालक सगुणबाबांनी गरम पाव आणि पातळभाजी पाठवली. माझी कमल दारापुढच्या बलकांवातल्या सोप्यावर, म्हणजे दगडी बाकावर, अशी ऐसपैस बसली, जणू जन्म इथंच गेला. कोल्हापूरचं नावही काढेना!

संग्रहालयानं मला पतंगांसाठी धाडलंय. लोकांना वाटतं, पतंग म्हणजे दिव्यावरचा मातकट किडा. माझे पतंग भरउन्हात उडतात, निळे-तांबडे, ऐटबाज. कडू फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात, मग पाखरं यांच्याही वाटेला जात नाहीत.

१३ ऑक्टोबर
देवाच्या रायेत, म्हणजे गावच्या देवराईत, आज मोप पतंग. मिशा पिसासारख्या, मागच्या पंखाचा केस पुढच्या पंखाखाली अडकवलेला. फुलपाखराला तो नसतो. नवी जात वाटते! नाव द्यायला मात्र निर्दोष नमुना लागतो. फाटका मी फेकून देतो.

सगुणबाबा म्हणाले, मास्तर, देवाचा कौल घेतल्याबिगर रायेतलं पानसुद्धा उचलू नये, आणि भर दुपारी तर पाऊलच घालू नये. मूर्तीला चिकटवलेली पाकळी कुठून पडते त्यावर माझं शास्त्र चालायचं? मी हसलो. कमल चिडली. अहो, विचारलं तर काय झिजणार आहे तुमचं, म्हणाली.

१६ ऑक्टोबर
आजच्या पतंगाच्या पंखावर कमलच्या इरकली लुगड्याचा काठ. जसाच्या तसा. आधी हसू आलं.

मग झाडांतून कमलनं हाक मारली. धावत घरी आलो, तर ती तांदूळ निवडत होती.

१८ ऑक्टोबर
पुन्हा हाक. जीव थाऱ्यावर नाही. कमलला सांगितलं, तर म्हणे, उद्या मीच देवळात जाऊन कौल घेते. वाट रायेतूनच.

१९ ऑक्टोबर
कमल गेली. दुपारी परतली, आत येऊन बसली.

थोड्या वेळानं दार बडवलं कुणीतरी. खिडकीतून पाहिलं — कमलच! लुगडं फाटलेलं, तोंडभर ओरखडे, आवाज बसलेला. अहो उघडा, आत आहे ती मी नव्हे, म्हणून रडत होती. आतली शांतपणे म्हणाली, उघडू नका.

दोघींना पाहिलं. नमुने पाहतो तसं. आतलीचा तीळ, निऱ्या, कुंकू, सगळं जागच्या जागी. बाहेरची पार विस्कटलेली.

मी वरचीही कडी घातली.

ती फार वेळ रडली. मग फरफटत नेल्याचा आवाज, रायेकडे.

आता सुचतंय — रायेत पावलोपावली काटे. मीच रोज अंग ओरबाडून घेऊन येतो. भरउन्हात त्याच वाटेनं आलेल्या बाईला एक ओरखडा नाही? घामसुद्धा —

कमल, अगं कमल, मी तुलाच फेकून दिलं गं —

आतली मागे येऊन उभी राहिलीय.

मानेला वारा लागतोय, पंख हलवल्यासारखा. खिडकी तर मी बंद —