सान कायेतानोचे फोटो राजधानीला जाणार नाहीत

लिहून ठेवणार : सेनोविया चोकेविल्का, वय त्रेपन्न, राहणार खाणवस्ती सान कायेतानो, पोतोसी.

हे मी अक्कलहुशारीने लिहिते आहे. राजीखुशीने मात्र नाही, याची नोंद व्हावी. नोटरीसाहेबांनी दिलेल्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. शेवटची इच्छा लिहिणारं माणूस निदान डुगडुगू नये, अशी तरतूद कायद्यात कुठे तरी असेलच. पायाखाली घालायला कागद मागितला, तर साहेब म्हणाले, "कागद सरकारी आहे." मग मी माझा बूट घातला. तेव्हा पुढचा मजकूर एकाच पायात बूट असलेल्या बाईचा आहे, पण डोकं पूर्ण ठिकाणावर आहे.

मरायचा बेत नाही. येत्या मंगळवारी पोतोसीला पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. आमच्या घराण्याने तीन पिढ्या डोंगरातून खडे काढले. आता डॉक्टर माझ्यातून काढणार. डोंगरात शिरलेले सगळेच काही बाहेर आले नाहीत, म्हणून ही तजवीज.

कलम १. माझं दोन खोल्यांचं घर भाऊ ग्रेगोरिओला. आमचे वडील खाणीच्या रेल्वेत ब्रेकमन होते. त्यांचा कंदील ग्रेगोरिओने वीस वर्षांपूर्वी पुसायला म्हणून नेला. एव्हाना पुसून झाला असावा. कंदील स्टेशनात आणून ठेवेल त्या दिवशी त्याला घराची किल्ली मिळेल, आधी नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते स्टेशनच्या छपराला. गळतं तिथे मी पातेलं ठेवलं आहे. पातेलंही छपरालाच.

कलम ३. आता ज्यासाठी डुगडुगते आहे ते. स्टेशनच्या जुन्या तिकीटघरात काचेच्या चारशे बारा निगेटिव्ह, एकोणीसशे फोटो, खाणीची हजेरीकार्डं आणि रेल्वेच्या अपघातांची बाडं मी सांभाळते. खाणकंपनी बंद पडली तेव्हा तिच्या साहेबांच्या बंगल्यामागे हजेरीकार्डांच्या जाळावर बटाटे भाजणं चाललं होतं. मी बटाटे विकत घेतले आणि उरलेलं सरपण फुकट मागितलं. त्या सरपणाच्या जोरावर पुढे अठ्ठावीस विधवांना पेन्शन मिळालं.

मार्चमध्ये राजधानीहून डॉक्टर ओर्माचेआ आले. औषधाचे नव्हे, इतिहासाचे. हातात पांढरे मोजे.

"बाई, हे राष्ट्राचं धन आहे. इथे वाळवी खाईल."

"चार हजार मीटरवर वाळवीला धाप लागते, डॉक्टर."

त्यांनी नोंदवही उघडली. "हे काय? एक नोव्हेंबरला तीनशे सहा फोटो बाहेर?"

"सुट्टीवर गेले होते."

"कोण?"

"मेलेले."

यात गंमत नव्हती. सर्वसंतांच्या दिवशी मृत जेवायला घरी येतात. त्यांच्यासाठी टेबल मांडायचं, पावाची माणसं भाजायची, चिचा, म्हणजे मक्याची दारू, ओतायची आणि मधोमध फोटो ठेवायचा. पण आमच्याकडे फोटो काढून घ्यायची ऐपत कोणाची होती? कंपनीने फोटो काढले ते इंजिनांचे. माणसं शेजारी उभी केली, ती इंजिनाची उंची कळावी म्हणून. म्हणून एक तारखेला प्रत्येक घर आपापला माणूस माझ्याकडून नेतं आणि दोन तारखेला दुपारनंतर आणून देतं.

"याला साखर चिकटली आहे!" डॉक्टर किंचाळले.

"पाहुणचार केला की चिकटतेच."

जाताना ते बजावून गेले की, माझ्या पश्चात संग्रहाला वारस नसेल तर ट्रक येईल आणि सगळं राजधानीच्या थंड खोलीत जाईल. तिथून फोटो बाहेर निघत नाही. म्हणजे आमच्या मृतांनी यायचं कुठे?

तरी संग्रहाला वारस आहे. तो मी रेल्वे विधवा मंडळाला आणि त्याच्या अध्यक्ष, सगळ्यांच्या मानाच्या ‘दोन्या’ इलारिया आयावीरी, वय एकाहत्तर, यांना देते. अटी दोन. एक, अस्सल फोटो ट्रकमध्ये चढणार नाही; डॉक्टरांना हव्या तितक्या प्रती द्याव्यात. दोन, एक नोव्हेंबरला जो आपला माणूस मागेल त्याला तो मिळेल. डॉक्टर हातमोजे विसरून गेले आहेत, ते त्यांना पोस्टाने पाठवावेत. पावाचं पीठ मळायला ते फार तोकडे पडतात.

यंदाचे फोटो दोन्या इलारियाच देतील. मी त्या दिवशी जेवायला येईनच. कोणत्या दाराने, ते सर्जन ठरवतील.

कलम ४. हे कलम नोटरीसाहेबांनी मोठ्याने वाचू नये.

अकरा वर्षांपूर्वी, एक तारखेच्या गर्दीत, मी दोन्या इलारियांच्या हातात १८८ नंबरचा फोटो दिला. सात नंबरचं इंजिन, शेजारी हॅटवाला माणूस. म्हटलं, "हेच तुमचे वडील." वडील गेले तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या, चेहरा ठाऊक नव्हता. त्या रडल्या. दर वर्षी मला बोलावतात आणि म्हणतात, "बाबांचा रुबाब बघ गं, हॅट बघ!"

पुढच्याच वर्षी मला काचेवरची नोंद सापडली. हॅटवाला फेर्मिन एचालार, हजेरीमास्तर. मिनिटभर उशिराला अर्ध्या दिवसाची मजुरी कापणारा. अकरा वर्षं तो आयावीरींच्या घरचा पाव खातो आहे, वेळेवर येऊन. मी गप्प राहिले, आणि त्याच्या शेजारी बसून मीही खाल्ला.

डॉक्टरांच्या हातून अशी चूक कधीच झाली नसती, कारण त्यांनी फोटो कोणाला दिलाच नसता. पण म्हणून माझी चूक लहान होत नाही.

त्यांचे खरे वडील, इंजिनात कोळसा टाकणारे भट्टीवाले अन्सेल्मो आयावीरी, १८९ नंबरमध्ये आहेत. तेच इंजिन, पलीकडची बाजू, हातात फावडं, डोक्याला फडकं, आणि हनुवटी थेट दोन्या इलारियांची. तो फोटो माझ्या पिशवीत आहे. इथून उठले की मी त्यांच्याकडे जाणार आहे. मृत्युपत्र उघडायची वाट बघणार नाही. त्या रागावतील. रागावल्या तरी वारस त्याच. रागावलेल्या इलारियांपुढे राजधानीचा ट्रक उभा राहणार नाही.

नोंदवहीत १८९च्या पुढे दोन्या इलारियांचं नाव सकाळीच लिहिलं आहे. परतीच्या तारखेचा रकाना मी रेघ मारून बंद केला आहे.

साक्षीदार : १) तेओदोसिओ मारास, निवृत्त सांधेवाला (सही)
२) बेनिता कोपा, पाववाली (अंगठा)

सही : सेनोविया चोकेविल्का
सान कायेतानो, शुक्रवार, २७ ऑक्टोबर २०१७