दोनच डबे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

डबे दोनच भरले. मी मोजले!

राजनंदिनी शनिवारी आली, चार वर्षांनी. जपानात म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नोकरी करते. त्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, चाकाच्या खुर्चीतून फिरवून आणायचं. आता महिनाभराची सुट्टी. माझ्या थोरल्या जावेची मुलगी — असं लिहायचं असतं. जावेची मुलगी! तीन वर्षांची होती तेव्हापासून दहावीपर्यंत, दर साली दसरा झाला की अक्का आणि भाऊजी ऊस तोडायला कारखान्यावर जायचे आणि ही माझ्याकडे. सहा-सहा महिने. मला मूल झालं नाही. हिचा गोवर मी काढला, पहिला दुधाचा दात माझ्या तळहातावर पडला, पाढे माझ्या चुलीपुढे पाठ झाले.

आणि आज दोन डबे भरून मायलेकी कपिलधारला फिरायला गेल्या. मांजरसुंब्यापर्यंत बस, पुढे रिक्षा. जाताना मला म्हणाली, "काकू, आमी संध्याकाळच्याला येतो गं." संपलं!

मला नाही तरी अंगणवाडी होती. पण विचारायला काय झालं होतं?

४ नोव्हेंबर

डब्यात काय असतं ते आज बघितलं. भाताचे तिकोनी गोळे, भोवती काळा कागद. कागद नाही म्हणे, समुद्रातलं शेवाळ आहे, वाळवलेलं. आत तिकडचं कसलं तरी आंबट फळ घालतात, ते संपलं म्हणून आपलं लिंबाचं लोणचं घातलं.

मी म्हटलं, "असे गोळे आपल्याकडं दहाव्याला कावळ्यापुढं ठेवतेत."

अक्का हसल्या. राजनंदिनी तर पोट धरून हसली. मी काही हसायला म्हटलं नव्हतं.

६ नोव्हेंबर

आता घरातसुद्धा तेच सुरू झालंय. अक्कांचं घर आणि आमचं घर, मध्ये एक भिंत. ह्या बाजूला भांडं वाजलं की त्या बाजूला कळतं. आज ह्या बाजूला काहीच वाजलं नाही, सगळं त्या बाजूला. मी साखर मागायला गेले. (साखर होती घरात.)

सोयाबीन आंबवून केलेला तपकिरी गोळा पिशवीतून आणलाय. तो गरम पाण्यात कालवायचा, वरून पातीचा कांदा. झालं जेवण! फोडणी नाही, तिखट नाही. शेजारी पांढरा भात आणि मीठ लावून चेपलेली काकडी. आमच्या शिवारात सोयाबीन म्हणजे मोंढ्यावर विकायला न्यायची चीज, कुणी चाखूनही बघत नाही. आणि अक्का! ज्यांनी तीस वर्षं माझ्या आमटीला "तिखट कमी हाय" म्हणून नाक मुरडलं, त्या अक्का वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावून ते गढूळ पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "पोटाला लई बरं वाटतंय गं."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुला कावून येवढं लागतंय? आई हाय ती तिची."

ह्यांना जेवायला वाढलं, पण ताट आदळून.

९ नोव्हेंबर, रविवार

आज माजलगावचं धरण. आज रविवार, मला सुट्टी. कालच केस धुऊन ठेवले होते, उगाच. दोनच डबे.

संध्याकाळी अक्का फोटो दाखवायला आल्या. धरणाच्या भिंतीवर बसल्यात, चपला काढून, मांडीवर डबा. एका फोटोत डोळ्यांवर राजनंदिनीचा गॉगल! साठीची बाई!

खरं लिहायचं तर अक्कांनी काय बघितलंय आजवर? पंचवीस वर्षं फिरल्या — सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकात — पण बघितलं काय, तर उसाचा फड. तीन वर्षांपूर्वी भाऊजी गेले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी लागते, एकट्या बाईला मुकादम घेत नाही, म्हणून त्या घरी बसल्या. राजनंदिनीला तेव्हा येता आलं नव्हतं. हे सगळं मला कळतं. न कळायला मी काय खुळी आहे?

पण मी तरी कुठे फिरले? माझं फिरणं म्हणजे बीडला मीटिंगला जायचं आणि येताना नेकनूरच्या स्टँडवर भजी खायची.

१२ नोव्हेंबर

अंड्याची गुंडाळी केली होती. मला भिंतीवरून एक तुकडा दिला, बशीत. गोड होती. अंडं आणि गोड! खाल्ली नाही.

खाल्ली.

१४ नोव्हेंबर

बालदिन. राजनंदिनी अंगणवाडीत येते म्हणाली होती, लेकरांना कागदाचे पक्षी करून दाखवायला. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आज जपानची ताई येणार. बावीस लेकरं दाराकडे बघत बसली. मदतनीस वत्सलाबाई दोनदा म्हणाल्या, "आल्या न्हाईत का तुमच्या बाई?" तुमच्या बाई!

आली नाही. अक्कांचे गुडघे दुखत होते म्हणून त्यांचे पाय गरम पाण्यात घेऊन बसली होती. साडेबाराला पळत आली, "काकू सॉरी सॉरी" म्हणत. लेकरं खिचडी खाऊन घरी गेली होती.

मी सकाळी उठून तिच्यासाठी धपाटे केले होते. ते वत्सलाबाईंना दिले. सगळे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मी वाईट वागले. लिहून ठेवते.

दोघी सौताड्याचा धबधबा बघून आल्या. अक्का ओट्यावर माझ्याजवळ बसून फोटो दाखवत होत्या, एकेक फोटो बोटानं पुढे सरकवत. "ही बघ, लेक माझी. ही बघ, तिनं मला हाताला धरून उतरवलं. पायरी लई निसरडी भामा, पण तिनं हात सोडला न्हाई." लेक माझी, लेक माझी. दहा वेळा तरी म्हणाल्या असतील.

मी म्हटलं, "अक्का, ध्यानात हाय का? पहिल्याच साली तुमी चैतात कारखान्यावरून आलात, तर ही माझ्या पदराआड लपली. म्हणली, ही बाई कोण?"

अक्कांचं बोट थांबलं. म्हणाल्या, "ध्यानात हाय की. लई ऊन होतं त्या दिवशी."

फोन माझ्या मांडीवर तसाच ठेवून उठल्या. फोन नंतर राजनंदिनी येऊन घेऊन गेली.

मला वाटलं होतं, बोलल्यावर मोकळं वाटेल. वाटलं. चहा होईपर्यंत.

१७ नोव्हेंबर

अक्कांनी सकाळी भिंतीपलीकडून हाक मारली नाही. रोज मारतात.

२१ नोव्हेंबर

राजनंदिनी दुपारी अंगणवाडीत आली. लेकरं गेली होती. मी उद्याचे तांदूळ निवडत होते, ती समोर बसून निवडायला लागली. लहानपणी बसायची तशीच, एक पाय पोटाशी घेऊन. मनात म्हटलं, अक्कांनी सांगितलेलं दिसतंय, आता भांडणार ही.

तर विचारते काय, "काकू, आईला काय खायाला आवडतं गं?"

मी म्हटलं, "तुझी आई. तुला ठावं!"

"न्हाई ना ठावं."

मग सांगायला लागली. तिच्या आश्रमात एक म्हातारी आहे. तिची लेक एक रविवार आड येते, दोन डबे घेऊन. साधंच असतं, भाताचे गोळे, काकडी, अंडं. आईला नदीकाठी नेते, दोघी बाकावर बसून खातात, परत आणून सोडते. खुर्ची ढकलायला राजनंदिनी बरोबर. "लई बोलत बी न्हाईत गं त्या. पण लेकीला सगळं म्हाईत असतं. आईला काकडीची साल नको, भात कोमट लागतो. एकदा त्या लेकीनं मला इचारलं, तुझ्या आईला काय आवडतं? मला सांगताच येईना काकू. म्या तुझंच सांगून टाकलं. धपाटे आन् कडक चहा."

मी तांदूळ निवडत राहिले. तेच तेच तांदूळ.

म्हटलं, "मग आपलं काही करून घालायचं तिला. ही तिकडची मिळमिळीत थेरं कशाला?"

"आपलं केलं की ती उठती काकू. बाजूला सर म्हणती, तुला भाकर थापता येईना. अन् सवता चुलीपुढं बसती. हे तिला करता येत न्हाई. म्हणून गप बसून खाती."

हे माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. तीस वर्षांत अक्कांना बसून खाताना मी किती वेळा बघितलं? आठवून बघितलं. लग्नकार्यातसुद्धा त्या वाढायलाच.

तरी पण. शेवटी माझ्या तोंडून निघालंच. "मला एक दिवस न्यायचं होतंस. एकच दिवस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुला? तुझ्यासंगं कुठं जायाचं काकू? तू तर घर हायस."

घर! घराला कोण फिरायला नेतं?

अक्कांना काय आवडतं ते सांगितलं नाही. मला ठाऊक आहे, चांगलं ठाऊक आहे. म्हटलं, एवढं तरी माझ्याजवळ राहू दे.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज नायगावला मोर बघायला. तीन डबे भरले होते. मीच म्हटलं, डोकं दुखतंय.

दिवसभर डोकं दुखत नव्हतं.

२९ नोव्हेंबर

गेली. पुण्याची गाडी सकाळी आठला दारात. आता परत कधी, तर बघू म्हणाली. तिकडची लोकं सुट्टी देताना हात आखडतात.

आधी अक्कांच्या पाया पडली. अक्का तिचं तोंड दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या, बराच वेळ, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला तरी. मग माझ्याकडे आली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. अक्कांच्याकडे जास्त वेळ होती. हो, तेवढं मी बघितलंच.

गाडीत बसली, दार लावलं, तेव्हा मी पुढे झाले. काचेवर टकटक केली. म्हटलं, "कण्या. ज्वारीच्या, आंबट ताकातल्या. वरून लसणाची फोडणी. तुझ्या आईला ते आवडतं."

"आता सांगतीस व्हय!" म्हणाली, आणि रडायलाच लागली. गाडी वळेपर्यंत हात बाहेर होता.

ओट्यावर अक्का आणि मी. दोघी आपापल्या दारातून आत गेलो.

१ डिसेंबर, सोमवार

अक्का आल्या. त्या फोटोंच्या दिवसापासून धड बोलल्या नव्हत्या. खाली बसल्या, पदरानं तोंड पुसलं.

"तू रोज लिहितीस," म्हणाल्या. "म्या पहिल्यापासून बघतेय. नंदिनी तुझ्याकडं होती तवाच्या वह्या ठिवल्यास का?"

म्हटलं, आहेत.

"तिचे सगळे हिवाळे तुझ्याकडं हायती, भामा. माझ्याकडं एक बी न्हाई. मला वाचून दाखीव."

ट्रंकेतून पहिली वही काढली. २००२ सालची. कागद पिवळा पडलाय, पण अक्षर लागतं. वाचत गेले. ताप आला, उतरला. दूध पीत नाही. बोरं खाऊन खोकला. अक्का प्रत्येक ओळीला मान हलवत होत्या.

मग ती ओळ आली. "पोरीनं आज परत विचारलं, आई कवा येणार. मी सांगितलं, ती येणार नाही, मीच तुझी आई."

अक्कांना वाचता येत नाही. गाळली असती तर कळलं नसतं.

वाचली.

अक्का जमिनीकडे बघत राहिल्या. चूल विझत आली होती, कुणी उठलं नाही. मग म्हणाल्या, "फुडं वाच."